मगनकाकांचा जेवणाचा टॉवेल

मगनकाका जेवायला बसतात ते खांद्यावर टॉवेल टाकून. आंघोळीचा वेगळा. हा जेवणाचा. पहिला घास पोटात गेला की काका "हाऽऽऽ" असा आवाज काढतात, दुसऱ्याला कपाळ पुसतात, तिसऱ्याला नाक. आणि हे सगळं दार सताड उघडं ठेवून. धानोऱ्यातल्या आमच्या गल्लीत जेवणाची वेळ कुणी घड्याळात बघत नाही. काकांचा "हाऽऽऽ" आला की बाकीच्या घरांत ताटं मांडली जातात.

काका पन्नाशी ओलांडलेले, कापूस-पपईचे शेतकरी. त्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: तिखट खाणारी आणि उरलेली. "ज्याले मिरची सोसत नई, तो संसार काय सोसी?" हा त्यांचा सिद्धांत. जे आवडलं नाही ते 'फिकं'. पुढाऱ्याचं भाषण फिकं. हल्लीचं क्रिकेट फिकं. नवापूरच्या पुढची, गुजरातेतली यच्चयावत माणसं फिकी, कारण तिकडे डाळीत गूळ टाकतात. एकदा मी आमच्या महिला संघटनेचं पत्रक त्यांच्या हातात दिलं. मथळा होता, 'स्वयंपाकघर ही बाईची जन्मठेप नाही!' काकांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"पत्रकवाली, फिकं शे. मिरची टाक जराशी."

मला या माणसाचा राग येई, सांगूनच टाकते. वर्षभराच्या मिरच्या उन्हात बसून कोण निवडतं? इंदूकाकू. देठ कोण खुडतं, हातांची आग ताकात बोटं बुडवून कोण शमवतं? इंदूकाकू. आणि शूरवीर कोण? तर टॉवेलवाले! बाईने राबायचं आणि बाप्याने घाम पुसायचा, या व्यवस्थेवर एक अख्खं पत्रक काढायचं मी ठरवलं. माहिती घ्यायला एका सकाळी थेट काकूंच्या स्वयंपाकघरात शिरले.

तिथे दोन पातेली शिजत होती. दोन्हींत फौजदारी डाळ, म्हणजे आमच्या खानदेशातली ती नावाप्रमाणेच अंगावर येणारी. दोन्ही लालभडक. दोन्हींवर तर्री.

"काकू, दोन कशाला?"

काकूंनी आधी खिडकी लावून घेतली. "एक आमनी, एक त्यासनी. चाखी पाह्य."

मी काकांच्या पातेल्यातली चाखली. रंग वणव्याचा, चव आजाऱ्याच्या डाळीची.

मग सगळं कळलं. काकांच्या पोटात व्रण निघाला होता. डॉक्टरांनी तिखट बंद केलं. काकांनी जाहीर केलं, मरेन, पण फिकं खाणार नाही. काकूंनी वाद घातला नाही. त्या बाजारातून नुसत्या रंगाची मिरची आणू लागल्या. ती लाल करते, जाळत नाही. वर तिच्याही बिया झाडून टाकतात. तेव्हापासून आमच्या गल्लीचा शूरवीर रोज ही डाळ खाऊन "हाऽऽऽ" करत होता.

"त्यांना काहीच कळत नाही?"

"कसं कळी? काल म्हने, इंदू, आज ते तोंडले आग लाई दिधी!" काकू तोंडाला पदर लावून हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "सांगू नको हां, पोरी. समजनं ते उद्यापासून खरी मांगतीन. आनि ते पोट..."

मी शब्द दिला. पत्रकाचा मुद्दा मात्र दुप्पट झाला: एका नवऱ्यापायी दोन पातेली!

पुढे काकांच्या मुलीचं लग्न ठरलं. साखरपुड्याला शहाद्याकडचे व्याही आले. भरघोस मिशा, भरघोस आवाज. "मगनभाऊ, तुमनं नाव ऐकेल शे. आज पाहूच!" म्हणत ते काकांच्या शेजारी पंगतीत बसले. मी वाढायला होते. काकूंनी मला बजावलं होतं, काकांच्या ताटात ठेचा वाढू नको, विसरल्यासारखं कर. काकांची डाळ त्यांनी स्वतः वाढली, त्या दुसऱ्या पातेल्यातून. सगळं चोख.

आणि कुणीतरी ओरडलं, "चला, व्याही-व्याही घास भरवा!"

धांदलीत काकू हा रिवाजच विसरल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारात त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. काकांच्या वाटीतली डाळ व्याह्यांच्या तोंडात गेली, की "फिकी!" अशी हाळी उठणार. काकांची अब्रू जाणार, काकूंचं गुपित जाणार आणि उद्यापासून खरी डाळ काकांच्या पोटात जाणार.

आधी व्याह्यांनी आपल्या वाटीतला घास काकांना भरवला. अस्सल जाळ. आणि गल्लीने कधी न पाहिलेलं घडलं. काका गप्प! ना "हाऽऽऽ", ना टॉवेल. डोळ्यांतून तेवढ्या धारा.

"काय भाऊ, आवाज नई?" व्याही मिशीत हसले.

आता काकांची पाळी. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाठ केली, माझ्या हातातल्या भांड्यातून सुपारीएवढा ठेचा उचलला, भाकरीच्या तुकड्यात लपवला, आपल्या डाळीत बुडवला आणि व्याह्यांच्या तोंडात कोंबला. व्याही पाटावरून उठलेच. "अरे बाप! हाई रोज खातस तुम्ही?"

"रोज," काका नम्रपणे म्हणाले.

मी भांडं धरून तशीच उभी. वाटीत जाळ आहे असं ज्याला वाटतं, तो वर ठेचा कशाला लपवेल?

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर काका ओट्यावर पोट धरून बसले होते.

"काका, कधीपासून माहीत आहे?"

"पहिला घासपासून. मिरचीमा जलम गया मन्हा. मले समजाव नई?"

"मग रोजचा हा तमाशा?"

काकांनी मागे वळून पाहिलं. काकू आत भांडी घासत होत्या. काकांनी आवाज खाली आणला. "डॉक्टरनी सांगं, तवयपासून ती जेवे नई धड. मंग हाई डाळ करी. मी घास लिन्हा, ते चुलीपाशी उभी, श्वास धरीसन मन्हाकडे पाही ऱ्हायनी. मी 'हाऽऽऽ' करं. तवय हसनी ती. लई दिनमा."

मग ते म्हणाले, "पत्रकमा लिखू नको."

"लिहिणार," मी म्हटलं. "पातेली दोन घासावी लागतात त्यांना. निदान तुमचं तुम्ही घासा."

"फिकं बोलनी," काका पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी "हाऽऽऽ" आला, नेहमीपेक्षा जोरात. आतून काकूंनी विचारलं, "तिखट जास्त व्हयनं का हो? उद्या कमी टाकू?"

"खबरदार!" काका गरजले.

थोड्या वेळाने ते दारात आले. हातात एक धुतलेलं पातेलं होतं आणि खांद्यावरच्या टॉवेलने ते पुसत होते. तो टॉवेल ओला झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.