दत्तोपंतांची आश्विनातली बाटली

मी आयुष्यात पहिल्यांदा स्कॉच पाहिली ती पूजेच्या पळीत.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. जालन्याच्या शाळेत मास्तर म्हणून मी नुकताच लागलो होतो आणि दत्तोपंत वकिलांच्या शेजारी खोली घेतली होती. दसरा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वकिलांनी हाक मारली. गेलो, तर अंगणात सतरंजी, सतरंजीवर कपाळाला गंध लावलेले दत्तोपंत आणि समोर, तुळशीच्या अगदी शेजारी, बाटली. त्यांनी पळी भरून पुढं केली. मी इतका गडबडलो, की तीर्थाला करतात तसा उजवा हात पुढं केला.

"हातावर न्हाई, मास्तर, वाटीत घ्या. हातावर वास मरतो."

जिनिंग फॅक्टरीतल्या एका स्कॉच साहेबाचा मुकदमा त्यांनी जिंकून दिला होता. साहेब मायदेशी गेला तरी दर वर्षी बाटल्या पाठवायचा. "ही मिसळीची न्हाई," दत्तोपंत सांगायचे. "एका डोंगरातली, एका भट्टीची, निव्वळ जवाची. अन् ही आश्विनातच घ्यायची. पावसाळ्यात जिभेवर शेवाळ असतं, उन्हाळ्यात घाम. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की धुराची बाटली काढायची. बिलकुल कायदाच हाय तो."

माणशी एक पळी, जास्त नाही. पाणी मागितलं तर उठून जायला सांगत. कचेरीतले मुन्शीजी तर फक्त वास घ्यायला येत. "हम पीते नहीं," म्हणायचे आणि वाटी नाकापासून हलवायचे नाहीत.

खरी मजा पुढं असे. दत्तोपंत वाटी नाकाशी धरून डोळे मिटत. मग "थांबा, सुपारी आणतो," म्हणून वाटीसकट स्वयंपाकघरात जात. बऱ्याच वेळानं, सुपारी न घेताच, बाहेर येत आणि निकाल सांगत. "आधी ओल्या गोणपाटाचा वास. मागून जळत्या तुराट्यांचा धूर. अन् शेवटी, नीट ध्यान द्या, गुळाच्या ढेपेला मुंगळे लागल्यावर येतो तो."

विलायतेत तुराट्या कुठून आल्या, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. आश्चर्य हे, की पुन्हा वास घेतला की बराबर तुराट्याच जळत असायच्या.

हे शेषराव आडत्याला खपायचं नाही. एका वर्षी दत्तोपंत वाट्या आणायला आत गेले, तेवढ्यात शेषरावनं उपरण्याखालून हुबेहूब तशीच बाटली काढली आणि अदलाबदल केली. "मोहाची हाय," तो कुजबुजला. "काथ घालून रंग आणलाय. आज बघू वकिलाचं नाक." मी काही बोलायच्या आत वकील परत आले.

त्यांनी पळीभर ओतली, वास घेतला, डोळे मिटले. "वा," म्हणाले. "थांबा, सुपारी आणतो."

शेषरावनं मला डोळा मारला. मुन्शीजी खाली बघत बसले.

स्वयंपाकघराचा पडदा हलला आणि वकिलांच्या पत्नी, गोदाकाकू, बाहेर आल्या. इतक्या वर्षांत मला त्यांच्या फक्त बांगड्या ऐकू आल्या होत्या. पुरुषांच्या बैठकीत, पदर डोक्यावर, हातात दारूची वाटी. मुन्शीजी घाईघाईनं उठून पाठ करून उभे राहिले. काकूंनी वाटी शेषरावपुढं ठेवली.

"भावजी, ही मोहाची आहे. यांची बाटली काढा."

शेषरावचं तोंड उघडंच राहिलं. "वहिनी, तुम्हाला कसं कळलं?"

"माझं माहेर डोंगरातल्या धावडा गावचं. घरामागं मोहाचं झाड होतं."

शेषरावनं गुपचूप बाटली काढून सतरंजीवर ठेवली. पण हार मानेना. "वहिनींना कळलं. वकीलसाहेबांना न्हाई कळलं."

"कळणार कसं?" दत्तोपंत दारातून म्हणाले. "मला वासच येत न्हाई. तापाच्या साथीत गेला तो गेला. मोगरा अन् रॉकेल, मला सारखंच."

ज्या नाकाची कचेरीत शपथ घेत, ते नाक नव्हतंच.

दत्तोपंत येऊन बसले. "साहेबाची पहिली बाटली आली तेव्हा वडील होते. त्यांच्या देखत दिवसा बायकोशी बोलायची चाल न्हवती. सुपारीचं निमित्त करून आत गेलो अन् हिला म्हणलं, वास घेऊन सांग. ही सांगतच राह्यली. लग्नाला इतकी वर्षं झाल्ती, पण ही इतकं बोलते हे मला ठाऊक न्हवतं. मंग मी दर साली तुम्हाला बोलावायला लागलो. तुम्ही असल्याबिगर बाटली काय म्हणून उघडू, अन् आत काय म्हणून जाऊ?"

शेषराव उठला, काकूंना नमस्कार केला आणि निघाला. मुन्शीजी पाठमोरेच त्याच्यामागं गेले. मी रिकाम्या वाट्या गोळा करायला लागलो.

काकू मोहाची वाटी टाकून द्यायला मोरीकडं वळल्या होत्या.

"थांब," दत्तोपंत म्हणाले. "टाकू नको. बस इथं."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मग त्या पायरीवर टेकल्या.

"साहेबाच्या मुलखातले सगळे वास विचारले तुला," दत्तोपंत म्हणाले. "धावड्याचा एक न्हाई विचारला. सांग, मोहाला वास कसा येतो?"

काकूंनी वाटी नाकाशी नेली. मग हळूच म्हणाल्या, "पहाटे फुलं पडायची ना, तेव्हा आई हाक मारायची."

दत्तोपंतांनी डोळे मिटले.