गजभियेबाईंचं पक्कं टेबल

मीनाबाजाराचे बांबू अजून बैलगाड्यांतून उतरत असत, आकाशपाळण्याचे पाळणे मैदानात पालथे पडलेले असत, मौत का कुआँवाल्याची मोटरसायकल यायची राहिलेली असे. आणि आमच्या गजभियेबाई छत्री टेकत टेकत खाण्याचं टेबल राखून ठेवायला तिथे पोचलेल्या असत.

"अभी तो चूल्हा भी नहीं लगा, बाई," मेळ्यातल्या हॉटेलचा मालक रामदीन सेठ कनातीचा दोर ओढता ओढता म्हणायचा.

"चूल्हा तुम लगाते रहना. मेरा टेबल पक्का करो. दूसरा इतवार, शाम को. बीचवाला."

सेठ मान डोलवायचा.

"मुंडी मत हिलाओ. मुँह से हाँ बोलो."

"हाँ बाई, हाँ!"

मग बाई छत्री उचलून परत. मेळ्यातलं त्यांचं निम्मं काम मेळा लागायच्या आधीच उरकलेलं असे.

मी तुमसर सोडून बालाघाटच्या मराठी प्राथमिक शाळेत लागलो, ते साठच्या दशकातले दिवस. गजभियेबाई तिथे तिसरीला शिकवत. बुटक्या, काळ्यासावळ्या, अंबाडा इतका घट्ट की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत. त्यामुळे त्या नेहमी कशाचं तरी नवल करताहेत असं वाटे. नवल मात्र आम्हालाच वाटायचं, त्यांचं.

बाई कुठेही, कधीही, न विचारता जात नसत. माझ्या खोलीवर चहाला यायचं तर आदल्या दिवशी निरोप. "मास्तर, उद्या मी तुमच्याकडं चहाले येऊन राह्यली. दूध आहे नं? हौ म्हणा." रिक्षावाल्याला सोमवारची रिक्षा शनिवारी सांगून ठेवायच्या. तो बिचारा म्हणायचा, "बाई, मैं तो रोज यहीं खड़ा रहता हूँ." बाई म्हणायच्या, "रोज खड़े रहो, सोमवार को मेरे लिए खड़े रहो." डॉक्टरांना उन्हाळ्यातच सांगून ठेवत, "श्रावणात मले ताप येत असते. तेव्हा गावाले नका जाऊ." आणि वर्गात शनिवारी जाहीर करत, "सोमवारी मी तुमच्यावर लय रागावणार हाओ. पाढे पाठ करून या." पोरं खरंच पाठ करून येत, मग रागवायचं राहून जाई, आणि बाईंचा सगळा सोमवार त्या हुरहुरीत जाई.

"विचारून ठेवलेलं बरं असते." हे त्यांचं पालुपद. शाळेत कुणी खडू मागितला तरी पोरं एकमेकांना हे ऐकवत.

बाईंच्या नेमके उलटे आमचे पटले मास्तर. देह दांडगा, आवाज त्याहून दांडगा. ठरवून काही करणं म्हणजे त्यांना अपमान वाटायचा. गोंदियाची गाडी सुटायला लागली की ते घरून निघत, आणि गाडी त्यांना मिळायचीही. मेळ्याचे दिवस आले की मधल्या सुट्टीत या दोघांची जुंपायची.

"बाई, मेळ्यात कोणी टेबल सांगून ठेवते काय?" एका वर्षी मास्तरांनी विचारलं. "अरे, मेळा हाये तो! फिरावं, भूक लागली की घुसावं, जागा दिसली की टेकावं."

"आणि जागा नसली तं?"

"तं उभ्यानं खावं."

"मागच्या साली तुमी उभ्यानंच खाल्लं. भट्टीच्या धुरात. डोळ्यातून पाणी अन् हातात आलूबोंडा. मी पाह्यलं टेबलावरून."

आम्ही सगळे हसलो. मास्तरही हसले. मग मिशांवर हात फिरवत म्हणाले, "ते गर्दी होती म्हणून. एकदा बसलो तं बसलो. आपल्याले कोण उठवते?"

बाई वह्या गोळा करत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तुमाले नाही उठवत."

घंटा झाली. बाई वर्गावर गेल्या. मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "काय म्हणाल्या जी?" मी खांदे उडवले. तेव्हा मलाही ते वाक्य नीट ऐकू आलं नव्हतं असंच म्हणायला हवं.

त्या वर्षी बाईंनी आम्हा दोघांना टेबलावर बोलावलं. अर्थात आठवडाभर आधी, आणि तोंडानं हौ वदवून घेऊन. त्या दिवशी कळलं की टेबल दरवर्षी कुणासाठी सांगितलं जातं. लालबर्ऱ्याकडच्या खेड्यातून बाईंचे वडील बसनं आले होते. नत्थूजी म्हातारे. पांढरं धोतर, त्याहून पांढरा सदरा, खांद्यावर घडीचा टॉवेल. खेड्यात ते मुलाजवळ राहत. वर्षातून एकदा लेक त्यांना मेळा दाखवायला बोलवायची. दाखवायची म्हणजे काय, पाळण्याकडे ना जादूगाराकडे, सरळ हॉटेलात आणून बसवायची.

टेबल खरंच मधोमध होतं. वर पेट्रोमॅक्स फुसफुसत होती. सेठनं फडकं मारून जागा दिली. पुरी-भाजी आली, आलूबोंडे आले. बाई स्वतः फार खात नव्हत्या. त्या बापाकडे बघत होत्या. आणि म्हातारा खुर्चीच्या अगदी काठावर बसला होता. इतका काठावर की मला वाटलं, खुर्ची मोडकी असेल. मी वाकून पाहिलंही. खुर्ची धडधाकट होती.

"नत्थूजी, सरकून बसा नं," पटले मास्तर म्हणाले.

"बसलो नं जी. बरा हाओ."

पुऱ्या अर्ध्या झाल्या असतील. तेवढ्यात दाराशी गडबड झाली. कुणी साहेब, त्यांच्या बाई, सोबत दोन-तीन सुटाबुटातली माणसं. हॉटेल गच्च. सेठनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हात जोडून आमच्या टेबलाशी आला.

"बाई, ज़रा... साहब लोग आये हैं. आप लोग उधर बेंच पर..."

बाईंनी तोंड उघडलं. पण त्या काही बोलायच्या आत म्हातारा उठला होता.

त्यानं कुरकुर केली नाही, कुणाकडे पाहिलं नाही. दोन्ही हातांनी ताटली उचलली, कनातीच्या कडेला गेला, बांबूशेजारी उकिडवा बसला आणि उरलेली पुरी तिथे खाऊ लागला. इतकं सहज, की जणू त्या जागेवर त्याचं नाव लिहिलेलं होतं.

पटले मास्तरांच्या तोंडात घास होता. तो चावायचा राहिला. माझ्या मनात शाळेतलं ते वाक्य, तेव्हा न ऐकलेलं, आता अगदी स्वच्छ ऐकू आलं.

बाई बापाजवळ गेल्या. "बाबा, उठले काहून?"

"लोक आले नं वो."

"आपलं टेबल आहे. मी सांगून ठेवलं होतं."

"असू दे. पोटात गेल्याशी मतलब. इथं हवाबी चांगली हाये."

बाई सेठकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मुँह से बोला था ना, सेठ?"

सेठ घाम पुसायला लागला. आणि तेव्हा पटले मास्तरांनी घास गिळला. त्यांनी डावा पाय एका रिकाम्या खुर्चीवर टाकला, उजवा हात दुसरीच्या पाठीवर पसरला, आणि टेबलाच्या मधोमध छाती टेकून एवढ्या मोठ्यानं बोलले की पलीकडच्या जादूगाराचा डमरू थांबला.

"सेठ! मी नाही उठत. कोण उठवते ते पाहू दे!"

अख्खं हॉटेल बघायला लागलं. ते साहेब बिचारे भले निघाले. "अरे भाई, हमें तो बस चाय पीनी है," म्हणत ते स्वतःच बाकावर जाऊन बसले, आणि साहेबांच्या बाईंनी जाता जाता नत्थूजींना नमस्कार केला. बाईंनी बापाला दंडाला धरून परत आणलं. म्हातारा आला, बसला. पुन्हा काठावरच.

बस स्टँडवर नत्थूजींना गाडीत बसवून दिल्यावर आम्ही तिघं परत फिरलो. मग बाई आपणहून म्हणाल्या, "मी लहान होती, तव्हा बाबांनी मले अशाच एका मेळ्यात नेलतं. दूरच्या गावी. तिथं आपल्याले कोणी वयखत नाही म्हणून बाबा मले घेऊन हॉटेलात बसले. आमच्या गावचा एक माणूस आला अन् त्यानं वयखलं. 'काय रे नत्थ्या, इथं कुठं बसला? ऊठ.' हॉटेलवाल्यानं आमच्या बश्या फेकून देल्ल्या."

पटले मास्तर खाली बघून चालत होते.

"मी रडली. बाबा हासून राह्यले होते. मले म्हणे, 'बसायच्या आंधी विचारायले पायजे होतं, सुमन. चुकलंच आपलं.' मले समजावाले हासत होते, मास्तर. ते हासणं मले अजून पाहवत नाही." थोडं चालून त्या पुढे म्हणाल्या, "आता आम्ही धम्म घेतला. मी मास्तरीण झाली. मी कुठंबी बसते. पण त्याच्या पायातून ते उठणं जात नाही. म्हणून मी विचारून ठेवते. वाटते, येक साल तरी तो पोटभर बसन."

पटले मास्तरांनी बाईंची छत्री स्वतःच्या हातात घेतली आणि घरापर्यंत नेली. पाऊस नव्हता, ऊन नव्हतं.

पुढच्या वर्षी बाईंनी रीतसर टेबल सांगितलं. या खेपेला सेठनं न सांगता तोंडानं तीनदा हाँ म्हटलं. ठरल्या दिवशी दुपारी आम्ही तिघं बस स्टँडवर गेलो. गाडी आली, नत्थूजी नाहीत. दुसरी आली, तिच्यातही नाहीत. बाईंचा चेहरा उतरत चालला. "आंगात बरं नसन," त्या म्हणाल्या. "नाहीतं तो असा करत नाही."

शेवटी कंडक्टरलाच विचारलं. तो म्हणाला, "वो सफ़ेद धोतीवाले दादा? वो तो सवेरे की गाड़ी से उतर गये."

आम्ही धावलोच. बाजारात पाहिलं, नदीच्या वाटेवर पाहिलं. मग मेळ्यात शिरलो. पाळण्याखाली पाहिलं, आरसेमहालाच्या दाराशी पाहिलं. हॉटेलाच्या कनातीपाशी पोचलो आणि बाई एकदम थांबल्या.

आमचं मधलं टेबल फडकं मारून रिकामं ठेवलेलं होतं. आणि नत्थूजी तिथे नव्हते. ते दाराजवळच्या टेबलावर बसले होते, तीन अनोळखी शेतकऱ्यांच्या घोळक्यात. खुर्चीला पाठ पूर्ण टेकलेली, एक पाय वर घेतलेला, टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकलेला. धानाच्या कुठल्याशा वाणावरून जोरजोरात वाद चालला होता. "नाही बावा, तुमी चुकून राह्यले!" म्हातारा बोट नाचवत सांगत होता, आणि मधेच वळून ओरडला, "ए, गुलाबजाम आन अजून!" खुद्द रामदीन सेठ वाटी घेऊन आला.

"जा नं आत, बाई," पटले मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. ते हलक्या आवाजात बोलू शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

"थांबा जरासं," बाई म्हणाल्या. "खाऊ द्या त्याले."

आम्ही कनातीआड उभे राहिलो. दाराशी एक कुटुंब लहान लेकरं कडेवर घेऊन जागेची वाट बघत होतं. बाईंनी सेठला खुणावलं, "वो बीचवाला इनको दे दो." सेठला दोनदा सांगावं लागलं. मग त्या आत गेल्या.

"बाबा, कोणाले विचारलं होतं?"

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. त्याला प्रश्नच कळला नाही. "कायले विचारू? खुर्ची खाली होती, बसलो." मग शेजारची खुर्ची ओढून, आपली थोडी सरकवून त्यानं लेकीला जागा केली. "तू काहून उभी हायेस? बस नं, सुमन."

बाई बसल्या. डोळे पुसायला त्यांनी पदर ओढला, तर तो येईना. त्या बसल्यावर नत्थूजींनी पुन्हा आपली खुर्ची सरकवली, तेव्हा तिचा पाय नेमका पदरावर आला होता. सोडवायचा तर म्हाताऱ्याला उठवावं लागलं असतं. बाईंनी पदर तसाच राहू दिला आणि हाताच्या पालथ्या मुठीनं डोळे पुसले.