शंभर टक्के माणूस

"यंत्र माणसाची जागा घेणार नाही, हे आपल्या महाविद्यालयाचं धोरण उद्या जगाला दिशा देईल!" प्राचार्यांनी गरजून सांगितलं, आणि जगाला दिशा देण्याचं काम ग्रंथपाल बाईंच्या गळ्यात घालून ते जेवायला गेले.

बाईंची नोकरी अजून कायम व्हायची होती. "धोरण मंजूर झालं, की त्याच बैठकीत तुमच्या कागदावर सही," एवढं मात्र प्राचार्य जाता जाता बोलले होते. बाईंनी मान मोडून धोरण लिहिलं. 'कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर प्रामाणिकपणे जाहीर करावा. यंत्राने दिलेले संदर्भ मूळ ग्रंथांत पडताळावेत.' शब्द न् शब्द इस्त्री केलेला.

बैठकीत संगणकाच्या प्राध्यापकांनी तो मजकूर, लिहिणारा माणूस की यंत्र हे ओळखणाऱ्या तपासणीच्या यंत्रात घातला आणि चष्मा वर केला. "हे यंत्राने लिहिलंय."

"अहो, मी लिहिलंय!"

"यंत्र नाही म्हणतंय."

"डोळे झाकून यंत्राचं ऐकू नये, असंच तर धोरणात आहे!"

"ते मंजूर झाल्यावर."

प्राचार्यांनी नव्याने लिहून आणायला दुपारपर्यंत मुदत दिली. बाईंनी पुस्तकांच्या कपाटाआड जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"अगं, घरात बोलतेस तसं लिही की."

"तसं लिहिलं तर नोकरी जाईल."

"नाहीतरी राहतेय कुठे?"

बाईंनी पदर खोचला. 'यंत्राला खुशाल विचारा. पण त्याने सांगितलेलं पुस्तक जगात कुणी लिहिलेलंच नसेल, तर ते कपाटात का नाही म्हणून माझ्याशी हुज्जत घालायची नाही. निबंध त्याच्याकडून लिहून घेतला असेल तर सरळ सांगा; तुमची अक्कल आमच्या ओळखीची आहे. हे प्राध्यापकांनाही लागू. हसताय काय?'

यंत्राने कौल दिला: शंभर टक्के माणूस. आजवर एकही धोरण कुणी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. हे समितीने दोनदा वाचलं. शेवटच्या ओळीला फक्त संगणकाचे प्राध्यापक हसले नाहीत. धोरण एकमताने मंजूर झालं.

प्राचार्यांनी बाईंचा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि ते थबकले.

"बाई, काळजाला भिडलं हो. फक्त भाषा जरा कार्यालयीन हवी. तेवढी यंत्राकडून करून आणता का? मग लगेच सही करतो."