इरल्यातला वाळवंटी गुलाब

आषाढात आमच्या टाकव्यात माणसं भिजतात, गुरं भिजतात, चुलीजवळचं सरपणसुद्धा ओलं होतं. यंदा कोरडी राहिली ती सखाराम आबांच्या ओट्यावरची एक कुंडी. कारण आबा तिच्यावर इरलं घालायचे. भातलावणीला बायका पाठीवर घेतात ना, बांबूचं आणि पानांचं, तेच. स्वतः मात्र डोक्यावर खताचं पोतं घेऊन हिंडायचे.

कुंडीत वाळवंटी गुलाब. कांद्यासारखा फुगलेला बुंधा, चार फांद्या आणि मनात आलं तर गुलाबी फूल. आबांची एकुलती एक लेक शालन नवऱ्याच्या नोकरीमुळे जैसलमेरकडे राहते. उन्हाळ्यात माहेरी आली तेव्हा तिनं हे रोप आणलं आणि बजावलं, "आबा, याला पाणी नका घालू. दिवाळीला येईन तेव्हा बघते, जगवलंय का." आता मावळात हे झाड जगवायचं म्हणजे कोळ्याच्या घरी मांजर ठेवून तिला उपास घडवायचा.

पण आबा पेटले. "पानी म्हंजे लाड. लाडानं झाड बी बिघडतं आन लेकरू बी," हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागले. आम्ही शेजारी. माझ्या बायकोनं एकदा भाबडेपणानं तांब्याभर पाणी घातलं, तर आबांनी माती उकरून चुलीपुढं वाळवली आणि आमच्याकडचा चहा सोडला. मी रेडिओ लावला की ओरडायचे, "मास्तर, पावसाच्या बातम्या नगा लावू. झाड ऐकतंय!"

एवढं करूनही श्रावणात बुंधा मऊ पडला. एक दिवस आबांनी दाबून बघितला, तर बोट आतच गेलं. तसेच माझ्या दारात आले. "गाडी काढा. कामशेतला जायचंय."

नर्सरीत त्यांनी स्थळं बघावीत तशी रोपं बघितली. जुन्यासारखंच वाकडं एक सापडलं. येताना मला म्हणाले, "शालनला कळता कामा न्हाई."

दिवाळीत शालन आली ती पिशवी न ठेवताच कुंडीपाशी गेली. फूल होतं, पण लालभडक.

"आबा, माझं गुलाबी होतं की."

"मावळची माती. रंग चढतो," आबा म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मी मान डोलावली.

शालन हसली. "कुजलं ना? पाणी कुणी घातलं?"

माझी बायको पुढं झाली, पण आबांनी तिला हातानं थांबवलं.

"मीच. दुपारी, कुनी नसताना. वाटीभर."

मला राग आला. आमचा चहा सोडणारा माणूस हा!

"तू नगो म्हनली व्हतीस, ठावं व्हतं," आबा कुंडीकडं बघत म्हणाले. "पर तू फोनवर सांगितलंस, तितं टँकर आला न्हाई, पानी पुरवून पुरवून पिते. हितं धो धो कोसळतंय आन तुझं झाड कोरडं बसलंय. मला बघवंना."

शालननं पिशवी खाली ठेवली. आत जाऊन तांब्या भरून आणला, आबांच्या समोर बसली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.