चौदाचे त्रेचाळीस झाले कसे?

सुरुवात माझ्यापासून करतो. मी स्वतः सांगितल्याशिवाय माझी थोरवी कुणी सांगत नाही, असा आजवरचा अनुभव आहे. मी बिभीषण गुंजाळ. संगमनेर तालुक्यातला पहिला, एकमेव आणि दुसरा कुणी नसल्यामुळे सर्वश्रेष्ठ खाजगी गुप्तहेर. दूध संघात बत्तीस वर्षं दुधातलं पाणी ओळखायची नोकरी केली. कॅनचं झाकण उघडायच्या आधी, दूध घालणाऱ्याच्या नुसत्या चालीवरून मी सांगायचो, आज किती तांबे ओतलेत. एकदाच चुकलो म्हणतात. तो कॅन सासऱ्यांचा होता, म्हणून मी चुकलो असं ठरलं.

निवृत्त झाल्यावर दारावर पाटी लावली: 'बिभीषण गुंजाळ, गुप्तहेर. वेळ सकाळी दहा ते एक.' गुप्तहेरानं पाटी लावू नये, असं आमच्या सौ. भागिरथीचं म्हणणं. अडीच वर्षांत पाटी वाचून दोन माणसं आली. त्यातला एक पाणीपट्टीवाला होता.

मागच्या एका शुक्रवारी तिसरं गिऱ्हाईक आलं. फरीदा शेख. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं शिवणकेंद्र आहे. भागिरथी तिथे काजं-बटणं करते. फरीदाच्या हातात कागद होता आणि डोळे लाल झाले होते.

"बिभीषणभाऊ, भाभी आहेत का?"

"ती तुमच्याच केंद्रात गेलीय. माझ्याकडे काम आहे का?"

"नाही."

"असणारच. बसा."

ती बसली. बाई हुशार असली तरी थकलेली असली की बसते.

प्रकरण असं होतं. नदीपलीकडच्या एका शाळेनं फरीदाला चारशे गणवेशांची ऑर्डर कबूल केली होती. सात बायकांचं चार महिन्यांचं काम. पण शाळेच्या संस्थेनं नवा नियम काढला: केंद्रातली विजेच्या प्लगवर चालणारी प्रत्येक वस्तू तपासून घ्या, करंट उतरत नाही असं सर्टिफिकेट आणा, सोमवारी अकराच्या आत. नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला. फरीदानं बसस्टँडजवळच्या योगेशला बोलावलं. हा पोरगा जळालेल्या मोटारींना नवी तार भरतो आणि तपासणीचं यंत्र घेऊन फिरतो. एका वस्तूचे सत्तर रुपये. केंद्रात नऊ मशिनी, दोन इस्त्र्या, दोन पंखे आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड. चौदा वस्तू, नऊशे ऐंशी रुपये.

"गेल्या शनिवारी काम बंद ठेवलं, त्याला तपासायला सांगितलं आणि मी कापड आणायला मालेगावला गेले," फरीदा म्हणाली. "आज बिल आलं. हे बघा."

बिलावर त्रेचाळीस वस्तू होत्या. तीन हजार दहा रुपये.

"फोनवर मी त्याला चोर म्हणाले, त्यानं फोन ठेवला. पैसे मिळाल्याशिवाय सर्टिफिकेट नाही म्हणतो. होतं तेवढं मी कापडात घातलं, भाऊ. हजाराच्या वर एक रुपया नाही माझ्याकडं. ऑर्डर गेली तर या बायकांना काय तोंड दाखवू?"

मी डोळे मिटले. चौदा दूध, एकोणतीस पाणी. एवढं पाणी आमच्या सासऱ्यांनीसुद्धा कधी घातलं नव्हतं.

"फरीदाबाई," मी म्हणालो, "तुमचं प्रकरण मी घेतलं."

"मी दिलं कुठं?" ती म्हणाली. पण मी तोवर चपला घातल्या होत्या.

आधी घटनास्थळ. केंद्राच्या भिंती पाहिल्या, कडी पाहिली, कुलूप वास घेऊन पाहिलं. बाहेरचा फळा तेवढा सोडला. तो माझ्याच हातचा होता, त्यात काय तपासायचं! मग वस्तू मोजल्या. चौदाच भरल्या. प्रत्येकीवर 'पास' लिहिलेलं हिरवं स्टिकर होतं.

"शनिवारी इथे कोण कोण होतं?" मी गरजलो.

सातही बायका खाली मान घालून शिवत होत्या. एरवी या बायकांचा आवाज बसस्टँडपर्यंत ऐकू जातो. भागिरथी तर शर्टाचं बटण पाठीकडून लावत होती.

"भागिरथी, तुला काही माहिती आहे?"

"मला काय म्हाईत? घरी जा, भाकरी झाकून ठिवलीय."

मी लगेच ओळखलं. यांना कुणीतरी धमकावलेलं होतं.

मग बिल नीट वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. बिलात अकरा मिक्सर होते. शिवणकेंद्रात अकरा मिक्सर! सात पंखे, पाच इस्त्र्या, एक टीव्ही. म्हणजे गणवेशाच्या आडून इथे चटणी-मसाल्याचा चोरटा कारखाना चालत होता, आणि टीव्ही हा पहारेकऱ्याच्या विरंगुळ्यासाठी होता. फरीदाला मी तसं हळूच विचारलं.

"चटणी?" ती म्हणाली. "भाऊ, सोमवारी अकराला माझी ऑर्डर जाणार आहे आणि तुम्ही चटणी विचारताय?"

तिनं विषय बदलला, हे मी वहीत टिपून घेतलं.

नंतर संशयिताकडे गेलो. योगेश दुकानात तांब्याची तार गुंडाळत बसला होता. मला बघून उठलाच.

"काका, तुम्ही आलात बरं झालं. मी निरोप देणारच होतो, तुमच्या..."

"बस खाली. प्रश्न मी विचारणार."

"हो, पण काका, तुमच्या घरी..."

"माझ्या घरापर्यंत पोचलास? धमकी देतोस मला?"

"धमकी कसली, अहो तुमच्या घरातली..."

"गप्प! संशयितानं मध्ये बोलायचं नसतं." पोरगा गप्प बसला. माझा दराराच तसा आहे. "आता सांग, प्लग लावायचा, यंत्र टूं करणार, तू स्टिकर चिकटवणार. त्याचे सत्तर रुपये?"

"स्टिकर चार रुपयांचं आहे काका. यंत्र नाशिकहून भाड्यानं आणतो. वायर चिरली का, अर्थिंग पोचतंय का, बॉडीत करंट उतरतोय का, सगळं बघावं लागतं. पास म्हणून सही केली आणि उद्या कुणी चिकटलं, तर लोक मला धरणार. सत्तर रुपये त्या सहीचे आहेत."

"आणि एकोणतीस खोट्या वस्तूंचे?"

"एकही खोटी नाही. टेबलावर आली ती तपासली. मलापण वाटलं, फरीदाभाभी दानशूर आहेत. दुपारपर्यंत तर रांग..."

"पुरे!" मी म्हणालो. गुन्हेगार जास्त बोलायला लागला की तपास भरकटतो. मी निघालो. मागून तो हाका मारत होता, पण मी वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं तर रुबाब जातो.

केंद्रात परतलो, सगळ्यांना मशिनी थांबवायला लावल्या आणि निकाल सुनावला. "योगेशचं यंत्र एका टूंचे तीन टूं मोजतं. मिक्सर हे सांकेतिक नाव आहे. त्याचा अर्थ मी उद्या सांगेन."

एवढ्यात कोपऱ्यातून बायडाबाई उठल्या. वय अडुसष्ट. केंद्रात सुटे धागे कापतात. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मी त्यांची साक्ष घेतली नव्हती.

"आरं बिभीषणा, लई बोलला. आता मला सांग, त्या मिक्सरच्या यादीत माझा पंखा हाय का?"

"तुमचा पंखा?"

"मी नेला हुता की शनवारी. समद्या गल्लीनं नेलं. ही भागिरथी चार नग घेऊन आल्ती."

मी भागिरथीकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"पण का?" फरीदानं विचारलं. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आता गं बाई! फळ्यावर लिव्हलंय न्हवं? माझ्या नातीनं, पूजानं वाचून दावलं. ह्या बिभीषणानंच लिव्हलंय, अक्षर कसं मोत्यावानी हाय!"

सगळे बाहेर आले. मीही आलो. फळा अजून पुसला नव्हता.

फरीदानं मला लिहायला सांगितलं होतं ते एवढंच: 'शनिवारी उपकरणांची तपासणी. काम बंद राहील.' पण दूध संघात बत्तीस वर्षं मी गायी-म्हशींच्या लसीकरणाचे फळे लिहिले. एवढासा मजकूर मला उघडाबोडका वाटला. म्हणून वर घातलं, 'भव्य विद्युत उपकरण तपासणी शिबिर'. आणि खाली, हाताच्या सवयीनं: 'तरी परिसरातील सर्वांनी जास्तीत जास्त संख्येने लाभ घ्यावा.'

सर्वांनी घेतला होता. आमच्या जिल्ह्यात डोळे तपासतात ते शिबिरात, रक्त तपासतात ते शिबिरात, आणि शिबिराला पैसे पडतात असं अजून कुणी ऐकलेलं नाही. बिल आल्यावर मात्र सगळ्यांना कळलं आणि सगळ्यांचीच दातखीळ बसली.

"भाभी, तुम्हीसुद्धा बोलला नाहीत?" फरीदानं विचारलं.

"लाज वाटली गं," भागिरथी म्हणाली. "आन् ह्यांचं नाव कशी घेऊ? दारावर पाटी हाय ना ह्यांची."

बायका हसायला लागल्या. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "म्हणजे गुन्हेगार सापडला. माझ्या अंदाजापेक्षा जरा जवळ निघाला, इतकंच."

तेवढ्यात योगेश मोटारसायकलवरून आला. धापा टाकत होता.

"भागिरथीकाकू कुठंयत? काकू, ती पाण्याची रॉड वापरताय का अजून?"

"व्हय. रोज. का रं?"

"अहो, ती नापास आहे! पाण्यात करंट उतरतोय. लाल स्टिकर लावलंय की मी! त्या दिवशी गर्दीत सांगायचं राहिलं. आज काकांना सांगायला तीनदा तोंड उघडलं, त्यांनी बोलूच दिलं नाही."

"लाल?" भागिरथी म्हणाली. "मला वाटलं, लाल म्हंजी गरम व्हनारी वस्तू."

कुणी हसलं नाही. आमच्या घरी रोज पहाटे भागिरथी बादलीत रॉड सोडते आणि पाणी तापलं का ते बोट बुडवून बघते. मग मला आंघोळीला हाक मारते. "आज बोटाला जरा झिणझिण्या आल्या," असं ती बुधवारी म्हणाली होती. वाताचं असेल, असा माझा निष्कर्ष होता.

मी फरीदाच्या स्टुलावर बसलो. बायको मरता मरता राहिली होती, आणि सांगायला आलेल्या माणसाला मी संशयित म्हणून गप्प केलं होतं. एवढा मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

बायका आपापले सत्तर पुढच्या महिन्यात देऊ म्हणायला लागल्या. शेजारचे म्हणाले, फळ्यावर पैशाचं कुठं लिहिलंय? दोघांचंही बरोबर होतं, पण सोमवार थांबणार नव्हता. मी घरी गेलो, कपाटातले पेन्शनचे पैसे काढले आणि एकोणतीस वस्तूंचे दोन हजार तीस रुपये योगेशच्या हातावर ठेवले. फरीदानं तिचे नऊशे ऐंशी दिले आणि त्याला चोर म्हटल्याबद्दल सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यानं तिथेच सर्टिफिकेटवर सही केली. मी योगेशला म्हणालो, "एका वस्तूचे सत्तर म्हणजे कमीच घेतोस रे तू." हे मी मनापासून म्हणालो.

सोमवारी पावणेअकराला फरीदा शाळेत पोचली. ऑर्डर तिला मिळाली. माझी फी किती, असं तिनं विचारलं नाही, आणि मीही आठवण केली नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हाच भागिरथीनं रॉडची वायर मुळापासून कापून टाकली होती.

"छान केलंस," मी म्हणालो. "आता नवी आणू. चांगल्यातली, पास झालेली. कधी आणायची?"

"आणू की," ती म्हणाली. "मी शेगडीवर माझ्यापुरतं पाणी तापवीन. तुमचे दोन हजार तीस रुपये फिटले की मग आणू. तवर तुमी गार पाण्यानं करा."

जानेवारी चालू आहे. एका गार आंघोळीला दहा रुपये फिटतात, असा तिचा हिशोब आहे.