प्रल्हादचं कोर्टमार्शल आणि काकूंचं कार्पेट

"ब्रिटिश सिनेमा ब्रिटनमध्येच काढायला हवा, असं कुठं लिहिलंय? मी इथं अमेरिकेत, पिस्कॅटवेत काढतो!" प्रल्हादनं छाती ठोकून सांगितलं. "आणि या वेळी एक माणूस जरी हसला ना, तर कॅमेरा विकून टाकीन!"

"शब्द?" त्याच्या बायकोनं, देवयानीनं विचारलं. प्रल्हादच्या आधीच्या दोन्ही शोकांतिकांना लोक पोट धरून हसले होते, आणि तिचे सगळे वीकेंड त्या कॅमेऱ्यानं गिळले होते.

"शब्द!"

झालं! गड्यानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

गोष्ट तशी गंभीर होती हो. इंग्रजांचं लष्करी कोर्ट, समोर एक निरपराध शिपाई, आणि आरोप पलटणीचे बूट चोरून विकल्याचा! बजेट मात्र गणपतीतल्या नाटुकल्याहून कमी. गणवेश भाड्याचे, तेही एका दिवसापुरते. कोर्ट म्हणजे शेजारच्या यामिनीकाकूंचं बेसमेंट. आरोपी होता युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारा सिद्धेश, आणि त्याची त्याच संध्याकाळी पुण्याची फ्लाइट होती.

शूटिंग मात्र झकास झालं! सिद्धेश असा काही रडला, की 'कट' म्हणायच्या आत काकू पाणी घेऊन धावल्या.

पुढच्या शनिवारी प्रल्हाद एडिटिंगला बसला. निकालाचा सीन आला. सगळं कोर्ट उठून उभं राहतं, पायांत बेड्या घातलेला आरोपी ताठ मानेनं चालत येतो...

"देवयानी! अगं, यांचे बूट कुठायत?"

"दारात. काकूंनी नवीन कार्पेट टाकलंय ना."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"तू तरी कुठे घातले होतेस?"

खरंच होतं ते. आपल्या माणसांना घरात शिरताना बूट काढायला सांगावं लागतं का? दिवसभर सगळ्यांची नजर चेहऱ्यांवर, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता बघतो तर कर्नलसाहेबांच्या पायांत जांभळे मोजे, सरकारी वकिलांच्या मोज्यांवर बदकं, आणि सिद्धेशचा अंगठा भोकातून बाहेर! गणवेश परत गेलेले, सिद्धेश पुण्यात. फ्रेममधून पाय कापावेत तर बेड्याही जात होत्या. प्रल्हादनं डोकं धरलं. निदान आवाज तरी खरा असू दे, म्हणून त्यानं बुटांचा आवाज भरला. खाड! खाड! खाड!

फिल्म फेस्टिव्हलला हॉल भरला होता. पडद्यावर सरकारी वकील गरजले, "चोरीला गेलेले बूट अजून सापडलेले नाहीत!" आणि मोज्यांतला आरोपी खाड खाड करत आत आला.

मग काय विचारता! लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी राहिले. कर्नलसाहेब फाशीची शिक्षा सुनावत होते आणि ते कुणाला ऐकूसुद्धा येत नव्हतं. प्रल्हादला वाटलं, त्यापेक्षा आपल्यालाच फाशी द्या. त्यानं मुकाट्यानं कॅमेऱ्याची बॅग देवयानीच्या मांडीवर ठेवली. तिलाही बिचारीला भरून आलं.

दिवे लागले. अख्ख्या हॉलमध्ये एकट्या यामिनीकाकू हसत नव्हत्या. उलट डोळ्यांत पाणी होतं. प्रल्हादला धीर आला. एका तरी माणसाला सिनेमा भिडला!

"काकू, तुम्हाला खरं वाटलं ना सगळं?"

"खरं नाही तर काय!" काकूंनी डोळे टिपले. "आता खरं सांग, माझ्या नव्या कार्पेटवर बूट घालून कोण चाललं?"