झेंड्यावरची विळी

झेंडा घरीच शिवायचा, हा निर्णय माझा. (घरात माझे निर्णय मोजकेच असतात आणि त्यांचं पुढे काय होतं ते अख्खी कॉलनी बघते.)

आमचा श्रमिक साम्यवादी पक्ष (मूळ). हा 'मूळ' महत्त्वाचा, कारण 'खरा' आणि 'एकसंध' असे आणखी दोन आहेत. नाशिक शाखेत आम्ही नऊ जण, त्यात मी सेक्रेटरी. दिवसभर द्वारका चौकात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मालाच्या बिल्ट्या लिहायच्या आणि संध्याकाळी क्रांती! पण यंदा जिल्ह्याचे कॉम्रेड सावळीराम बजावून गेले, "एक मेच्या मोर्चात पन्नास माणसं दिसली नाहीत, तर शाखा बंद. तुम्हाला निफाडला जोडून टाकू." एकवीस वर्षं सेक्रेटरी आहे हो मी! दुसरीकडे मला कोण विचारतंय?

जुना झेंडा विटून गुलाबी झालेला. निदान झेंडा तरी नवा हवा, म्हणून लाल कापड आणलं, वर्तमानपत्रावर विळा-हातोडा स्वतः काढला आणि बायकोच्या शिलाई मशीनवर ठेवून ऑफिसला गेलो.

संध्याकाळी बघतो तर गॅलरीत झेंडा फडकतोय आणि त्यावर पिवळीजर्द विळी! पाटासकट! शेजारी खलबत्त्यातला बत्ता.

"शैला, हे काय केलंस?"

"तुम्ही काढलंत तेच."

"अगं, तो विळा होता!"

"विळ्याला पाट असतो का?"

"ती मूठ होती, मूठ!"

"एवढी? अहो, तिच्यावर बसून दोघी जणी भाजी चिरतील."

झालं! मोर्चा दुसऱ्या दिवशी. मी डोक्याला हात लावून बसलो. तेवढ्यात आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या भागीबाई गॅलरीकडे बघत थबकल्या.

"ताई, ह्यो झेंडा कोणाचा हाय?"

"आमच्या पक्षाचा," मी पुटपुटलो.

"लय झेंडे पाह्यले भाऊ, पण आमची विळी कोणीच लावली नव्हती. काय मागणार तुम्ही?"

मी जागतिक भांडवलशाहीपासून सुरुवात केली. शैलाने मला मध्येच गप्प केलं. "घरकामाच्या बायकांना आठवड्याची एक भरपगारी सुट्टी."

"मंग मी येते. आन् एकटी नाय येत."

तीनशे बायका आल्या हो, तीनशे! द्वारकेला ट्रॅफिक रोजच तुंबतं, पण त्या दिवशी ते आमच्यामुळे तुंबलं. खरं सांगतो, मला रडूच कोसळलं.

सावळीराम मात्र झेंडा बघून भडकले. "ही विळी कोणत्या ठरावानुसार?"

"का? हिच्यानं बोट कापत नाय का?" भागीबाई म्हणाल्या.

सावळीरामांनी मागे वळून पाहिलं. मोर्चाचं शेपूट काही दिसेना. त्यांनी मुकाट्याने माझ्या हातातला झेंडा घेतला आणि अशी आरोळी ठोकली, "विळी-बत्ता झिंदाबाद!" की कलेक्टर कचेरीवरची कबुतरं उडाली.

शाखा वाचली! तिथल्या तिथे नव्या सेक्रेटरीची निवड झाली. शैला, एकमताने. माझाही हात वर होता. (तो भागीबाईंनी धरला होता.)

आठवड्याची सुट्टी नाशिकमध्ये सर्वांत आधी आमच्याच घरी मंजूर झाली. सेक्रेटरीबाईंनी तसा लेखी आदेशच काढला. त्यामुळे रविवारी त्या शाखेत, भागीबाई सुट्टीवर आणि भांड्यांपाशी मी.

परवा सोमवारी भागीबाईंनी कढई हातात घेतली, उलटसुलट फिरवली आणि शैलाला हाक मारली.

"ताई, रविवारचा माणूस बदला."